उसनी पोरं

बायजाला बसलेलं कुणी पाहिलंच नाही. जेवायची तीसुद्धा उकिडवी, कुठल्याही घासाला उठून पळेल अशी. कोंडाजी पाटील म्हणायचा, "हिच्या बुडाखाली मुंग्यांचं वारूळ हाय."

आमचं गाव भिसेगावच्या पलीकडं, भातखाचरांत. लावणीला गावातल्या झाडून साऱ्या बाया चिखलात, आणि तान्ही पोरं बांधावर, पानांच्या इरल्याखाली. एका साली बायजाच्या जावेच्या पोराचं बोट मुठ्यानं धरलं. मुठ्या म्हणजे चिखलातला काळा खेकडा; धरलं की सोडत नाही. बोट वाकडं झालं ते झालंच. दुसऱ्या दिवशी बायजानं आबाजीचा रिकामा गोठा झाडला आणि गावची पोरं तिथं आणून टाकली. नवरा बोंबलला, "आन् आपली लावणी?"

"तुला काय हात नायत?"

पोरं सांभाळणं एकवेळ जमतं, त्यांची पोटं कशी सांभाळायची? लढाईचे दिवस, धान्य रेशनवर. कर्जतच्या एका मास्तरानं खटपट केली आणि मुंबईच्या कुण्या शेठच्या नावाचा फंड गोठ्याला लावणीपुरती नाचणी न् गूळ देऊ लागला. त्या नाचणीच्या पेजेवर गोठा चालायचा. पेज बंद झाली की पोरं परत बांधावर, मुठ्यांच्या शेजाराला.

तिसऱ्या साली निरोप आला, फंडाचे साहेब गुरुवारी पाहणीला येताहेत.

कोंडाजी तडक गोठ्यात आला. पोरांवरून नजर फिरवली. एकाच्या नाकाचा शेंबूड ओठावर, एक उघडं, एकाच्या डोक्यात खरूज.

"ही दाखवणार व्हय गं मुंबईच्या मानसाला?"

"मग कुनाची दाखवू?"

"बायजे, पाव्हनं आलं की शेजारची परात आनतीस का नाय? तसंच."

आमच्याकडं ही रीतच. सोयरीक जुळवायला माणसं आली की तांब्या एका घरचा, घोंगडी दुसऱ्या घरची. त्यात कुणाला लबाडी वाटत नाही. पाव्हण्याला कमी दिसू नये, एवढंच.

गुरुवारी गोठ्यात पाटलाच्या घरची आणि त्याच्या भावकीतली पोरं बसली. न्हालेली, काजळ घातलेली, गालांवर बोट रुतावं अशी. पाटलाच्या सुनेनं, चंद्राबाईनं, आपल्या धाकट्याच्या पायांत चांदीचे वाळेसुद्धा चढवले. गोठ्यातली खरी पोरं त्या दिवसापुरती आयांबरोबर बांधावर गेली. बाहेर पाऊस धरून होता. बायजा दारात यायची, शेताकडं बघायची, आत जायची, परत दारात.

"एका जागी थांब की गं!" कोंडाजी दातओठ खात पुटपुटला.

साहेब आले. चष्मा, छत्री, गुडघ्यापर्यंत चिखल. माणूस वाईट नव्हता. एका गुटगुटीत पोराचा गालगुच्चा घेतला आणि खूश झाले.

"पाटील, तुमच्या गावानं करून दाखवलं! पोरं अगदी धष्टपुष्ट आहेत. आता इथं आमची गरज उरली नाही. खालापूरकडची पाच गावं मागणी करताहेत. इथली नाचणी यंदा तिकडं वळवतो."

कोंडाजीचे हात जोडलेले तसेच राहिले. साहेबांनी चहा घेतला, शाबासकी दिली आणि बैलगाडीत बसून निघाले.

"आता बोला की पाटील!" बायजा म्हणाली. "गाडी चालली."

"काय बोलू? पोरं उसनी हायत, असं? गावाची आब्रू जाईल."

"आन् पोरांची बोटं गेली तर चालतील?"

"बायजे, त्या गाडीमागं गेलीस तर माझ्या दारात पाय ठेवू नको."

ती तोवर खळं ओलांडून गेलीही होती. रस्त्यानं न जाता खाचरांतून आडवी गेली, लुगडं वर खोचून. भिसेगावच्या अलीकडं गाडी दिसली. तिनं पुढं होऊन बैलाची शिंगंच धरली.

"साहेब, ती पोरं आमची नव्हंत."

साहेबांना काही कळेना. तिनं सगळं सांगितलं, परातीसकट. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"म्हणजे मला फसवलंत. पाच गावांतून एक निवडायचं असतं मला, बाई. मी डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, तर कशावर?"

"फसवलं. नाय म्हनत नाय. पन तुमीबी सांगून आलात. सांगून येनाऱ्याला सारवलेलीच जमीन दिसनार."

"न सांगता गेलं तरी बोल लागतो. एका गावानं आम्हांला पोलीस समजून दारं लावून घेतली होती."

"असंल. पन दोन घटका बसलात, दाखवा दाखवा म्हनालात. कमी काय पडतं, ह्ये एकदाबी इचारलं नाय. इचारलं असतंत तर पाटलाचंबी तोंड उघडलं असतं."

गाडीवान बिडी विझवून ऐकत होता. साहेबांनी घड्याळ काढलं, स्टेशनाच्या दिशेनं बघितलं. बायजा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"गाडी चुकंल, म्हायती हाय. चला, नायतर नाय म्हना. माजी पोरं भिजत्यात."

साहेब उतरले. पहिल्याच खाचरात एक बूट चिखलानं गिळला. तो कोपरापर्यंत हात घालून काढावा लागला. बांधावर इरली पालथी पडलेली, प्रत्येकाखालून रडण्याचा आवाज. एक पोर माती खात होतं. बायजानं ते उचललं, बोटानं त्याचं तोंड साफ केलं आणि साहेबांकडं दिलं. मग दुसरंही दिलं. छत्री कुठं गेली ते साहेबांना कळलं नाही.

"नाचणी राहील," ते शेवटी म्हणाले. "अर्धी. अर्धी त्या गावांनाही लागते. पुरेल का?"

"नाय पुरनार. पन आता इचारलंत, तर सांगते. गूळ नगं, त्याच्या बदल्यात नाचनीच द्या. गोड नसलं तरी पोट भरतं."

तसं झालं. कोंडाजीनं दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. चंद्राबाईच्या पोराचा एक वाळा त्या गडबडीत हरवला. तो बायजानंच लांबवला, असं चंद्राबाई पाणवठ्यावर सांगत फिरली.

पुढच्या लावणीत साहेब निरोप न देता आले. बायजा पेज ढवळत होती, काखेत एक, पाठीला एक. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"काय कमी पडतंय?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"बूट बाहेर काढा," ती म्हणाली, "आन् ह्ये पोर धरा. पेज उतू चाललीय."