बाई खोटं वाचत होत्या

शेवंताबाई गेल्याचं मला त्यांच्या शाळेतल्या नव्या गुरुजींच्या पोस्टकार्डावरून कळलं. कार्ड चंद्रपूरला माझ्या हातात पडेपर्यंत पाच दिवस होऊन गेले होते. 'ताप मेंदूत चढला, गडचिरोलीला नेईस्तोवर आटोपलं,' एवढंच त्यात होतं, आणि खाली तिरप्या ओळीत, 'तुमची पुस्तकं त्यांच्या पेटीत आहेत, घेऊन जावीत.' मी कार्ड टेबलाच्या खणात टाकलं आणि दिवसभर पेपर तपासले. रडू आलं नाही. भीती वाटली, की आता त्या गावी जावं लागणार... गावाचं नाव मी लिहीत नाही. एटापल्लीच्या वाटेवरचं आहे, एवढं पुरे.

ऐंशीनंतरची तीनेक वर्षं तिथल्या दोनशिक्षकी शाळेत आम्ही बरोबर होतो. बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि लगेच पोरीला शाळेत घातलं, हे त्या अभिमानानं सांगत. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. चेहरा कडक, बोलणं त्याहून कडक. मी तेव्हा स्वतःला लेखक समजायचो. नागपूरच्या एका प्रकाशकासाठी पातळ भयकादंबऱ्या लिहायचो आणि अधूनमधून कुमारांसाठी जादूच्या गोष्टी. मित्र 'झकास' म्हणायचे, बायको न वाचताच 'छान' म्हणायची. खरं काय ते बाई सांगायच्या, आणि त्यांची सांगण्याची रीत अशी होती की वाद घालायची सोयच नव्हती.

मे महिन्यात तिकडे तेंदूपानाचा हंगाम असतो. बायका पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणतात आणि दुपारी सावलीला बसून त्यांचे पुडे बांधतात. बाई सुट्टीतही गावातच असायच्या. त्या बायकांमध्ये बसून माझं हस्तलिखित मोठ्यानं वाचायच्या. आधी चाळून बघणं त्यांना मंजूर नव्हतं. "आधी वाचलं तं माह्या आवाजातच समजून जाईन का पुढं काय हाये. मंग तुमची परीक्षा कशाची, मास्तर?" वाचताना त्यांची अर्धी नजर बायकांच्या हातांवर. पुडे बांधणारे हात जिथं थांबले तिथं समासात पेन्सिलीची बारीक रेघ. वाचन संपलं की वही माझ्या पुढ्यात टाकायच्या, की झालं. माझ्या पहिल्या भयकादंबरीच्या शंभर पानांत दोन रेघा होत्या, आणि त्यातली एक, नंतर कळलं, पानांत विंचू निघाला म्हणून होती.

जादूच्या गोष्टी त्या शाळेतल्या मुलांना ऐकवायच्या. उडत्या पोपटावर बसून सात पहाड ओलांडणाऱ्या राजपुत्रावर मी फार खूश होतो. बाई म्हणाल्या, "पोरं इचारून राह्यली, ह्या राजपुत्राले भूक काऊन लागत नाई? सात पहाड वलांडले, एकदा बी भात नाई खाल्ला." मी दोन दिवस फुगून बसलो आणि तिसऱ्या दिवशी राजपुत्राला एका म्हातारीच्या झोपडीत आंबील प्यायला बसवलं. त्या पानाशेजारी मला रेघ मिळाली. भुतांचंही त्यांनी तसंच केलं. "तुमचं भूत वाड्यात राहते. इथी वाडे कुठी हायेत? झुंबर कोनं पाह्यलं? भेव दाखवायचा असंन तं भूत इथलं करा." मी ते मनावर घेतलं.

गावाच्या टोकाला गिरजाबाई नावाची एकटी विधवा राहायची. एका डोळ्यात फूल पडलेलं, त्यामुळे बघताना मान वाकडी करायची. जडीबुटीची माहितगार, अडलेल्या बाळंतिणीला पहिली हाक तिलाच, पण तोंडानं फटकळ. तिच्या हातचा काळा चहा मी कितीदा तरी प्यायलोय. नव्या कादंबरीत मी तिलाच उचललं. नाव बदललं, डोळा ठेवला, मान ठेवली, झोपडी ठेवली. त्या डोळ्यानं ती लेकरांकडे बघते आणि लेकरं सुकत जातात. शेवटी सगळं गाव एक होतं आणि तिची झोपडी पेटवतं. लिहून झालं तेव्हा वाटलं, आजवरचं माझं सगळ्यात जमलेलं लिखाण हेच.

बाईंनी नेहमीसारखं आधी न चाळता वाचायला घेतलं. मी पलीकडे खाटेवर होतो. गिरजाबाईच्या प्रकरणात सगळे हात एकदम थांबले. पंधरा-वीस बायका, पण एक पान हलेना. मी आतल्या आत उड्या मारत होतो. बाईंनी आणखी दोन ओळी वाचल्या, वर बघितलं आणि वही मिटली. एकीनं हळूच विचारलं, "म्हंजे आपली गिरजाच ना, बाई?" बाई म्हणाल्या, "नाई. गोष्ट हाये थे." पण त्यांचा आवाज मला वेगळाच लागला.

बायका पांगल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "मास्तर, हे फाडून टाका. आन उद्या दुपारी माह्यासंगं बसून सांगा त्यायले, का हे म्या मनानं बनवलं."

"अहो बाई, हात थांबले की! तुमचीच परीक्षा ना?"

"भेवानं नाई थांबले. पटलं म्हून थांबले."

मला राग आला. पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले तर बाई पेपरच रद्द करायला निघाल्या, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सुट्टीला चंद्रपूरला निघून आलो आणि वही नागपूरला पाठवून दिली. बाई एकट्याच घरोघर सांगत फिरल्या. त्यांना उत्तर मिळालं, "ज्यानं लिवलं थो तं काई बोलला नाई. तुमी काऊन सांगून राह्यल्या?"

पावसाळ्यात तापाची साथ आली. दोन लेकरं दगावली. तिसरं आजारी पडलं त्या दिवशी भरदुपारी गिरजाबाईला झोपडीतून ओढून काढलं. शाळा चालू होती. बाई खडू टाकून धावल्या. मी मुलांना आत घेऊन वर्गाचं दार लावलं. मुलांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं... आवाज आतपर्यंत येत होते. गिरजाबाईचा उजवा हात मोडला, पुढचे दात गेले. बाई तिच्या अंगावर पडून राहिल्या म्हणून तिचा जीव वाचला, आणि बाईंच्या डोक्याला खोक पडली. मग झोपडी पेटवली. शेवटचं ते प्रकरण बाईंनी वाचलेलंच नव्हतं. ते गावाला आपसूक सुचलं.

त्या दिवसापासून गिरजाबाई बाईंच्या भाड्याच्या घरात राहिली. गाव बाईंशी कामापुरतं बोलू लागलं. पानांच्या हंगामातलं वाचन कायमचं बंद झालं. मला मात्र बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच घातल्या नाहीत. दिवाळीनंतर मी बदली मागून घेतली. पुस्तक छापून आलं, खपलंही बरं. मी बाईंना एक प्रत पाठवली, कारण मला त्यांचं मत हवं होतं. इतका मी निर्लज्ज होतो. उत्तर आलं नाही.

कार्ड आल्यावर तीन आठवडे मी गावी जाणं टाळलं. शेवटी एका रविवारी गेलो. दार गिरजाबाईनं उघडलं. हात वाकडाच जुळला होता. तिनं मला ओळखलं, बसायला चटई दिली आणि पेटी समोर ओढून आणली. पेटीत माझी बाकीची पुस्तकं नव्यासारखी होती. ते एकच पुस्तक हाताळून हाताळून मऊ पडलं होतं.

"बाई मले हेच वाचून दाखवे," गिरजाबाई म्हणाली. "मीच मांगं लागली होती. माह्यावर काय लिवलं ते मले माईत नोको का? दर पावसाळ्यात एकडाव वाचे."

"सगळं?"

"सगळं. लेकरं बिमार पडते, गाव तिच्यावर धावते. मंग तिची सोबतीन लेकराले दवाखान्यात नेते, लेकरू बरं होते. आन गावच तिले झोपडी बांधून देते, नवी. असंच हाये ना, मास्तर?"

मी शेवटची पानं उघडली. तीही तितकीच मऊ झाली होती. त्यांवर झोपडी जळत होती, आतली बाई किंचाळत होती आणि गाव सुटकेचा श्वास सोडत होतं. इतके पावसाळे बाई हीच पानं डोळ्यांसमोर धरून तोंडानं दुसरं वाचत आल्या होत्या. माझ्या राजपुत्राला एक वेळचा उपासही ज्यांनी माफ केला नाही, त्या बाई. मला हुंदका आवरला नाही. गिरजाबाईला वाटलं मी बाईंसाठी रडतोय, आणि ते खरंही होतं.

"हो," मी म्हणालो. "असंच आहे."

"मंग जाता जाता गावात सांगजा. शेवट असा हाये म्हना. घरमालक खोली खाली कर म्हनून राह्यला, आन दुसरं कोनी मले ठेवत नाई. तुमचं आयकतीन थे. तुमी लिवनारे हा."

सांगतो म्हणालो. पुस्तकं पिशवीत भरली आणि बाहेर पडलो. बसथांब्याजवळच्या पारावर सात-आठ जण बसले होते, सगळे ओळखीचे. त्यांतल्या दोघांना मी बाराखडी शिकवली होती. एकानं सरकून जागा केली, "या मास्तर, बसा." मी पाऊसपाण्याचं विचारलं, पोराबाळांचं विचारलं. बस आली. चढलो आणि खिडकीशी बसलो. तिथून बाईंचं घर सरळ दिसत होतं. गिरजाबाई दारात येऊन उभी होती, आणि मी कुणाशी काय बोललो ते बघत होती.