अर्ध्या मॅचची गर्दी

वाशीमकडच्या मालेगावच्या रस्त्याला लागून एक तांडा आहे आणि त्या तांड्याच्या माळावर फुटबॉलचं मैदान आहे, असं सांगितलं तर खुद्द मालेगावातली माणसंही हसतात. हसू द्या. ते मैदान प्रेमसिंगनं आणि त्याच्या बायकोनं, रुपाबाईनं, दगड वेचून केलेलं. वेचलेले दगड अजून एका कडेला पडून आहेत. परगावचा गडी जोरात पळत आला की त्यांच्यावर आदळतो, मग त्याला कळतं, मैदान इथं संपलं.

प्रेमसिंगला स्वतःला खेळ यथातथाच. पण 'तांडा इलेव्हन'चा चुना मारणारा तोच, जाळी शिवणारा तोच, वाशीमला जिल्ह्याच्या फुटबॉल समितीपुढं जाऊन उभा राहणाराही तोच. अकरांत गडी कमी पडला तर असावं म्हणून खेळाडूंत त्याचंही नाव दरवर्षी घालत. गर्दी जमवणं मात्र रुपाबाईचं खातं. सामन्याच्या सकाळी ती दारोदार फिरायची आणि "घरी बसून काय उवा मारता?" एवढंच विचारायची. बाया उठायच्या, बायांच्या मागं लेकरं, आणि घरी भाकर टाकायला कोणी उरलं नाही म्हणून त्यांच्या मागं पुरुष. मागच्या हंगामात ती ऊसतोडीला गेली आणि फडावरच तापानं गेली.

तेव्हापासून प्रेमसिंगच्या आत काही हलत नव्हतं. तो रडला नाही. चहा पोळला तरी कप तोंडाला तसाच. मुलगा अमरदीप, संघाचा गोलकीपर, एकदा वैतागून म्हणाला, "बा, मले एखादी शिवी तरी दे."

"कायले?" प्रेमसिंग म्हणाला, आणि बकऱ्या घेऊन गेला.

अशात समितीचे उकंडराव भेटले. म्हातारा माणूस, बोलायला गोड. "प्रेमसिंगभाऊ, मांगच्या मॅचले तुमच्या मैदानावर मानसाइपेक्षा बकऱ्या जास्त होत्या. या खेपेले मी सोता येतो. तसंच दिसलं तं तुमच्या मॅचा वाशीमले नेतो, मंग मले बोल लावू नका."

तांड्यावरून वाशीमला मॅच बघायला कोण जाणार? म्हणजे मैदान गेलंच, वर्षभरात तिथं पुन्हा बाभळी. प्रेमसिंगला याचं वाईट वाटलं असं नाही. वाईट वाटायला हवं, एवढं त्याला कळलं. म्हणून तो कामाला लागला.

सरावाच्या सामन्याला त्यानं कडेला भजनी मंडळ बसवलं. माणसं आली, चांगली भरभरून आली, आणि मैदानाकडं पाठ करून भजन ऐकत बसली. गोल झाल्यावर पोरं ओरडली, तेव्हा एका आजोबांनी मागं वळून दम दिला, "हळू रे, अभंग चालू हाय." पुढच्या वेळी बक्षिसाला बोकड ठेवला. बोकडानं दावं तोडलं, प्रेक्षक त्याच्या मागं शिवारभर धावले, आणि सामना कोणी जिंकला हे रेफरीलाच विचारावं लागलं.

त्यात खऱ्या सामन्याची तारीख आली दिवाळीनंतरच्या रविवारची. त्याच दिवशी तांडा ऊसतोडीला निघणार. भांडीकुंडी, कोयते, लेकरं, कोंबड्या, सगळं ट्रकात. मागं राहणार ते म्हातारे, कॉलेजात जाणारी थोडी पोरं आणि कुत्रे.

प्रेमसिंग मुकादमाकडं गेला. सोमला मुकादम, त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा जोडीदार.

"ट्रका मैदानाले वेढा घालून लाव. लोकं वरतून मॅच पाह्यतीन, मंग निघा."

"मले कारखाना गाठाचा हाय गड्या, वर्ल्डकप नाही."

"एक मॅच, सोमला."

सोमलानं त्याच्याकडं पाहिलं. वर्षभरात या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. "मॅच झाली की नारळ फुटला. मंग एक घडी थांबनार नाही."

आणि काय सांगावं, रविवारी ते मैदान बघण्यासारखं झालं. चारी बाजूंनी ट्रक, ट्रकांवर गाठोडी, गाठोड्यांवर माणसं. एक कोंबडा तर टपावरून प्रत्येक थ्रोला आरवत होता. मंगरूळपीरच्या संघानं एक गोल केला, तांड्यानं फेडला, तेव्हा जो कल्ला झाला त्यानं उकंडरावांच्या हातातला चहा सांडला. "हे तं स्टेडियम करून टाकलं तुमी," ते म्हणाले. प्रेमसिंगनं मान हलवली. कल्ला त्याच्या कानापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

मग रेफरीनं लांब शिट्टी मारली. पोरं पाणी प्यायला बाहेर आली.

सोमला आजवर मॅचला आलाच होता कधी? त्याला वाटलं, संपली. त्यानं पहिल्या ट्रकच्या चाकापुढं नारळ फोडला.

"मुकादम, अर्धी बाकी हाय अजून," अमरदीप पळत आला.

सोमलाचा चेहरा उतरला. "आंधी सांगाचं होतं, लेका. आता फुटला नारळ. फुटल्यावर गाडी अडवली तं फडावर इपरीत होते. मांगच्या साली अडवली होती, आठवते का?"

मागच्या साली त्या गाडीत अमरदीपची आई होती. त्यानं जर्सी काढून बापाच्या हातात दिली आणि ट्रकवर चढला. एकामागून एक ट्रक रस्त्याला लागले. मैदानाभोवती चाकांचे चर उरले, आणि खुर्चीवर उकंडराव.

दुसऱ्या अर्ध्यात मागं राहिलेली पोरं खेळली आणि गोलात प्रेमसिंग उभा राहिला. मंगरूळपीरच्या पोरांनी आधी जरा मान राखला, मग नाही राखला. तीन गोल झाले.

सामना संपल्यावर उकंडराव उठले. "मानसं मी पाह्यली, प्रेमसिंगभाऊ. खोटं कायले बोलू? तुमची मॅच इथंच होईन. पुढल्या साली दिवाळीच्या आंधी लावतो."

"बरं," प्रेमसिंग म्हणाला. आनंद व्हायला हवा होता. त्यानं थोडी वाट पाहिली, मग जाळी सोडायला घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. अमरदीप. मागं इंजिनाची घरघर आणि माणसांचा गलका.

"बा, काय झालं?"

"हारलो."

"अन् मैदान?"

"राह्यलं."

तिकडं ओरडाआरडा झाला. मग सोमलाचा आवाज आला, "गोल कसे खाल्ले ते इचार त्याले. पुरी गाडी ऐकून राह्यली."

प्रेमसिंग खाली बसला. "पहिला पायातून गेला."

सगळी गाडी हसली. "अन् दुसरा?"

"दुसरा आला तवा मी सडकेकडं पाहून राह्यलो होतो."

यावर कोणी हसलं नाही.

"बरं," सोमला म्हणाला, "तिसरा सांग."

प्रेमसिंगनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तिसरा सांगू लागला.