आजोळचा निळा सदरा

"मास्तर, सावधान!"

मंगलाष्टकांतलं 'सावधान' तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल. फुटबॉलच्या गोलमागून ते ऐकण्याचा योग मात्र फार थोड्यांच्या नशिबी आला, आणि त्या थोड्यांत पहिला मी. देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. मी अमरावतीला शाळेत शिकवत होतो आणि संध्याकाळी आमच्या मोहल्ल्याच्या क्लबाचा गोलकीपर होतो. माझ्या अंगात काही विशेष गुण होता म्हणून नव्हे. मला धावता येत नसे, म्हणून मला तिथे उभं केलं होतं.

आणि माझ्या मागे उभे राहत आमच्या गल्लीतले गुरुजी. धोतर वर खोचलेलं, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, काखेत पंचांग आणि हातात मिटलेली छत्री. चेंडू आमच्या बाजूला वळला की छत्री वर जायची आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडताना जो सूर लागतो, त्याच सुरात ते ओरडायचे, "मास्तर, सावधान!" पाठोपाठ कौल यायचा, "डावा!" नाहीतर "उजवा!" मी डोळे मिटून त्या बाजूला झेप घ्यायचो. कौल निम्म्या वेळा चुकायचा. पण निदान उडी तरी मारली जायची. कौल आला नाही तर मी तिसऱ्या खांबासारखा उभा राहतो, हे सगळ्या क्लबाला माहीत होतं.

गुरुजींची भिक्षुकी चांगली चालायची. पार नांदगाव खंडेश्वरपर्यंत त्यांचे यजमान होते. मॅचच्या दिवशी सत्यनारायण असला, तर पहिले चार अध्याय ते अगदी रंगवून सांगायचे, आणि पाचवा असा सुटायचा की यजमानीण प्रसादाची वाटी घेऊन येईपर्यंत हे एसटीत बसलेले असायचे. लग्नाच्या दिवसांत तर आणखी गंमत. मॅच असली की त्या दिवशीचा गोरज मुहूर्त गायबच व्हायचा.

एकदा एक वरबाप स्वतःचं पंचांग घेऊनच आला. "गुरुजी, याच्यात त गोरज दिसून राहिला."

"तुमाले दिसते," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मले नाई दिसत. सकाळचा घ्या, पोरीचं कल्याण होईन."

अशा माणसाला देवाने द्यावं तरी काय? अकोल्याचा जावई. अमरावती आणि अकोला यांचं फुटबॉलमध्ये काय नातं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या दोन गावांचं असतं तेच. आमचा सदरा निळा, छातीवर पांढरा पट्टा. त्यांचा लालभडक. तो लाल रंग गुरुजींना कुंकवाखेरीज कुठे सहन होत नसे. आणि त्यांची एकुलती एक मुलगी ज्या घरी पडली, त्या घरचा मुलगा निघाला अकोल्याच्या क्लबाचा कप्तान.

"पत्रिका तुम्हीच पाहिली होती ना?" मी एकदा विचारलं.

"पाहिली होती न बाप्पा! सगळे गुण जुळले. पोट्टा सेंटर फॉरवर्ड हाय, हे कोन्या घरात लिवलेलं असते?" मग जरा थांबून म्हणाले, "जावई सोन्यासारखा हाय. खोट फक्त पायात हाय."

त्या दिवाळीत नातू आजोळी आला. सात-आठ वर्षांचा, हाडकुळा, बडबड्या. आमची पोरं गल्लीत चेंडू खेळत होती. त्यांनी त्याला आपल्या बाजूला घेतलं, तर हा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मी तुमच्याकून नाई खेळत. आमी अकोल्याचे." पोरं हसली. ओट्यावर बसलेले गुरुजी हसले नाहीत. संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. बराच वेळ पंचांगाची पानं उगाच चाळत बसले.

"मास्तर, एक पोरगी होती, ते देल्ली. आता नातूबी देऊ काय?"

मी म्हटलं, "अहो गुरुजी, लहान आहे तो."

"लहान हाय म्हनूनच. एकदा मोठा झाला की मंग कोन आयकते?"

त्या बोलण्यात थट्टा नव्हती. मैदानावर त्यांच्या शेजारी कधी घरचं माणूस उभं राहिलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. आम्ही अकरा जण होतो, पण आम्ही काही त्यांचे कोणी नव्हतो.

माघात नातवाची मुंज ठरली. मुहूर्त अर्थातच गुरुजींनी काढला. आणि काय योगायोग पाहा, मुंजीच्या दुसऱ्याच दिवशी अकोल्याच्या मैदानावर आमची त्यांच्याशी मॅच होती. मुंजीत संध्याकाळी भिकावळ निघते, आणि त्या मिरवणुकीत बटूने घालायचा पोशाख आजोळहून येतो. आपल्याकडे एक वेळ बटू मंत्र विसरेल, पण आजोळच्या आहेराला कोणी नाही म्हणणार नाही. गुरुजींनी नेमकं हेच हेरलं. आमचे सदरे शिवणाऱ्या शिंप्याकडे ते निळं कापड घेऊन गेले. तिथे वाद झाला तो खिशावरून.

"गुरुजी, खेळाच्या सदऱ्याले खिसा नसते," शिंपी म्हणाला.

"माह्या नातवाच्या सदऱ्याले असते. पोरगं फुटाने कुठं ठेवीन?"

अकोल्याला जुन्या शहरात व्याह्यांचं घर होतं. आमचा अख्खा क्लब मुंजीला हजर. गुरुजींनी आम्हाला 'मुलीकडचे पाहुणे' म्हणून नेलं होतं. जावई मोठा हसतमुख माणूस. दुपारच्या पंगतीत तो स्वतः जिलबीचं ताट घेऊन आमच्या पानांवरून फिरत होता. "घ्या पाहुणे, लाजू नका. उद्या पळायचं हाय." आमच्या फुलबॅकला त्याने इतका आग्रह केला की तो पानावरून उठला, तेव्हा त्याला दोघांनी हात दिला. हा आग्रह होता की डाव होता, याचा मला आजही उलगडा झालेला नाही.

संध्याकाळी आजोळचं तबक आलं. वरचा जरीचा रुमाल दूर झाला आणि खाली निळा सदरा. छातीवर पांढरा पट्टा.

व्याही निवृत्त वकील होते. त्यांनी चष्मा लावून सदरा उलटापालटा करून पाहिला. "गुरुजी, हे काय आनलं?"

"आजोळचा आहेर हाय."

"हा पोशाख नाई. ही तुमच्या क्लबाची वर्दी हाय."

"वकीलसाहेब, आहेर नाकारता येत असन त नाकारा. मी तसाच उठतो."

गुरुजींची मुलगी दाराशी उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता. "बाबा, काहून असं करता?" ती एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता गुरुजी विरघळतील. ते विरघळले नाहीत. उपरण्याच्या टोकाला गाठीवर गाठ मारत बसले.

तेवढ्यात जावई पुढे आला. "घाला त्याले," तो म्हणाला. "सदरा आजोळचा असते. पन टोपी बापाची राहीन." आणि त्याने आतून लाल टोपी आणून मुलाच्या डोक्यावर ठेवली.

अशी भिकावळ जुन्या शहराने त्याआधी पाहिली नव्हती. पुढे बँड, मागे निळ्या सदऱ्यातला आणि लाल टोपीतला बटू. अकोल्याची पोरं दोन्ही बाजूंनी ओरडत होती. "अमरावती, हाय हाय!" बटूला वाटलं, मुंजीत असं ओरडायचंच असतं. तोही आनंदाने त्यांच्या सुरात सूर मिसळून ओरडू लागला, "अमरावती, हाय हाय!" गुरुजींनी कपाळाला हात लावला.

पण पोरगा सदरा अंगातून काढेना. खिसा त्याला भारी आवडला होता. रात्री तो त्यातच झोपला आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून मैदानावर आला. गुरुजींच्या डोळ्यांत असा काही उजेड आला म्हणता! त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, पाहा. आला का नाई आपल्यात?"

मॅच सुरू झाली. निळा सदरा बाजूच्या रेषेपाशी, आमच्या गोलजवळच, लाल झेंड्यांच्या मधोमध बसला होता आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "बाबा, मारा! अकोला! अकोला!"

"अंगात सदरा आपला," माझ्या मागून आवाज आला, "अन् घशात अकोला."  पुढे चेंडू आला की गुरुजी कौल देत होते, पण त्यात जीव नव्हता.

खेळ संपत आला तरी गोल झाला नव्हता. आणि त्या जिलबीवाल्या फुलबॅकने आमच्या गोलसमोर चेंडूला हात लावला. पेनल्टी. मारणार कोण? जावई. तो चेंडू मांडून मागे गेला. मी गुडघे वाकवून 'सावधान'ची वाट पाहत होतो.

आवाज आला नाही. मी मान वळवून पाहिलं. गुरुजींची छत्री खाली होती. ते जावयाकडे पाहतच नव्हते. रेषेपाशी पोरगा उभा राहिला होता, दोन्ही हात तोंडावर, श्वास रोखलेला. गुरुजी त्याच्याकडे पाहत होते. चेंडू माझ्या डाव्या बाजूने गेला. मी जागचा हललो नाही.

मैदानात एकच गलका झाला. जावयाला खांद्यावर घेऊन माणसं नाचू लागली. आमची पोरं गुरुजींवर तुटून पडली. "काहून नाई बोलले तुमी? काहून?" गुरुजी गवतावर खाली बसले होते. "पोट्टा पाहून राहिला होता न," ते हळूच म्हणाले. "त्याच्या बापानं चुकवलं असतं, त तो रडला असता."

तेवढ्यात त्या गर्दीतून निळा सदरा पळत आला. लोकांच्या खांद्यावरच्या बापाच्या शेजारून आला, पण थांबला नाही. थेट आमच्या गोलमागे येऊन त्याने आजोबांच्या गळ्यात हात टाकले.

"आबाजी, आता मी तुमच्याकून हाय," तो म्हणाला. "मॅच झाली ना संपून."

गुरुजींनी त्याला मांडीवर ओढलं आणि त्याच्या मुंजीच्या गोट्यावर तोंड टेकवून ते ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू, मलाही आवरलं नाही. मला तो माणूस फार आवडायचा.

अमरावतीला परतल्यावर मात्र गुरुजी वेगळंच सांगू लागले. पारावर, मांडवात, एसटीत, कुणी अकोल्याच्या मॅचचा विषय काढला की ते छाती पुढे काढून म्हणायचे, "आपन जिंकलो!" ऐकणारा माझ्याकडे बघायचा. मी मान डोलवायचो. गोल खाल्लेल्या माणसाला यापेक्षा सोयीचं दुसरं काय असणार? पुढे पुढे ते त्या विजयाचं वर्णनही करू लागले. त्यात मी अशा काही उड्या मारल्या होत्या की मलाच माझा अभिमान वाटायचा.

काही वर्षांनी, एका थंडीत, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गुरुजी गेले. तेराव्याला जावई आला होता. केस जरा पिकले होते. माणसं ओट्यावर बसून गुरुजींच्या गोष्टी सांगत होती, हसत होती, डोळे पुसत होती. आमच्या क्लबातल्या एका नव्या पोराने मला विचारलं, "मास्तर, ते अकोल्याची मॅच आपन खरंच जिंकलो होतो काय?"

 मी जावयाकडे पाहिलं. त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"जिंकली होती," तो म्हणाला. "मी होतो ना मैदानात."