तांब्यावरचा हिरवा रंग

भालेराव सर गेल्याचा फोन आला तेव्हा सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये सर्किट बोर्डांची बॅच तांबं खाणाऱ्या द्रावणात होती. ती अर्धवट सोडली तर वाया जाते. बोर्ड काढले, धुतले, मगच रिक्षा केली... सरांना ते पटलं असतं.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि पन्नाशीनंतर पीएच.डी. करत होते. एका छोट्या बोर्डावर चार अँटेना बसवायचे, प्रत्येकाने फोनपासून वायफायपर्यंतच्या सगळ्या लहरी पकडायच्या, पण एकाचं काम दुसऱ्यात मिसळू द्यायचं नाही, हा त्यांचा विषय. पहिलं ड्रॉइंग बघून मी म्हटलं होतं, "काड्यापेटीएवढ्या जागेत चार? सर, एका खोलीत चार जावा नांदवताय!" ते म्हणाले, "म्हणून तर मधे खाच पाडतोय, ताई. एकीचं दुसरीला ऐकू जायला नको."

मी बोर्ड बनवून दिले, सर ते पुण्याच्या प्रयोगशाळेत मोजून आले. आकडे साफ चुकले होते. विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती. महिनाभर ते गणित पुन्हा पुन्हा मांडत राहिले, वाळले. मग खाच बदलून हवी म्हणून आले, तेव्हा मी जुनं ड्रॉइंग काढलं. कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात होतं, 'तांब्यावर रंग नको.' आणि मी सवयीने, बोर्ड नीटनेटका दिसावा म्हणून, वर हिरवा थर दिला होता. खाचेतसुद्धा भरला होता, आणि त्या थराने अँटेनाचे आकडे सरकतात. क्षणभर वाटलं, कागद परत ड्रॉवरमध्ये सारावा. सरांना कळलं नसतं... मी तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी कोपऱ्यातली ती ओळ पुन्हा वाचली. मी शिव्या खायच्या तयारीत.

"म्हणजे माझं गणित बरोबर होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. मग चष्मा काढून डोळे पुसले. "मला वाटायला लागलं होतं, ताई, की या वयात हे आपल्याला झेपत नाही."

दुसऱ्या दिवशी मी बिनरंगाचे बोर्ड दिले, आणि त्यांचे आकडे गणिताशी जुळले. सर डॉक्टर झाले. त्या महिन्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमानंतर भालेराव वहिनींनी त्यांच्या प्रबंधाची एक प्रत माझ्या हातात ठेवली. "तुम्हाला द्यायची म्हणून ह्यांनी बाजूला काढली होती, राहूनच गेली." घरी येऊन चाळली. इंग्रजी जाडजूड, पण आलेख मला कळतात. एका पानावर दोन आलेख शेजारी होते, रंगवलेल्या बोर्डाचा आणि बिनरंगाच्या. खाली लिहिलं होतं, की तुलनेसाठी काही बोर्डांवर मुद्दाम रंगाचा थर देण्यात आला.

आकडा एका दशांशाने चुकला तरी पान फाडणारा हा माणूस. अख्ख्या प्रबंधात त्यांनी तेवढं एक वाक्य खोटं लिहिलं, आणि ते माझ्यासाठी. त्यांना आता दुरुस्त करता येणार नाही, म्हणून मी करते. रंग मुद्दाम दिलेला नव्हता. तो मी चुकून दिला होता.