मांडीवरचा फिकट डाग

प्रसूतिगृहातली मावशी नुकत्याच जन्मलेल्या बाळांना पुसायची. अंगावरचा पांढरा थर तिच्या हाताने अलगद निघायचा. लेकीच्या लेकीला पुसताना मात्र मांडीवरचा एक फिकट डाग काही केल्या निघेना, म्हणून तिने जरा जोर लावला. भोवतालची कातडी लालबुंद झाली, डाग तसाच राहिला.

"जन्मखूण आहे, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले.

पण लेकीच्या सासूचं तोंड कोण धरणार? "आजीनेच रंग खरवडून काढला," ती सगळ्यांना सांगत सुटली. लेकीला खरं माहीत होतं, तरी ती गप्प बसली.

मावशी अजूनही लोकांची बाळं पुसते. नात घरी आली, की लेक म्हणते, "आई, राहू दे, मीच घालते अंघोळ."

मावशी टॉवेल घेऊन न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहते.