केसरबाईंची दाढ आणि ओली खुर्ची

रत्नमालाच्या हाताला पुसायचं वेड लागलं ते टीव्ही सेंटरजवळच्या डॉ. आमरीन यांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागल्यावर. पेशंट उठला की ग्लोव्हज चढवायचे, खुर्ची, दिव्याची मूठ, ट्रे असं सगळं जंतुनाशक मारून पुसायचं, पुन्हा मारून थोडा वेळ ओलंच ठेवायचं. घरीही तेच. नवरा धम्मपाल हात धुवायला उठला, तरी परत येईपर्यंत त्याचं ताट गायब.

एकदा करमाडहून तिच्या सासूबाई केसरबाई गाल धरून आल्या. डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली, तोंडात कापूस दाबला आणि अर्धा तास बोलायचं नाही म्हणून बजावलं. केसरबाई बाहेर बाकावर टेकल्या. काचेतून पाहतात तर सून त्यांचीच खुर्ची खसाखसा पुसतेय.

त्या पिशवी घेऊन तडक निघाल्या. रत्नमाला मागं धावली. केसरबाईंनी तोंडातला कापूस काढून मुठीत धरला.

"आम्ही पाटलाच्या ओट्यावरून उठलो की त्याची म्हातारी पाणी मारायची. आता माझी सूनच मारती व्हय?"

रत्नमाला सटपटली. कामावर तिला जंतूंबद्दल सगळं शिकवलं होतं, सासूबद्दल काहीच नाही. तिनं नवा कापूस दिला.

"आत्याबाई, जायचं तर जा. पण पुढचा माणूस उठंस्तोवर बसा."

पुढची सराफाची बायको होती. ती उठली, खुर्ची पुसली. मग एक प्राध्यापक, तेही पुसले गेले. डॉक्टरीणबाईंचे सासरे कवळी बसवून घ्यायला आले. सुनेच्याच दवाखान्यात त्यांच्यामागंही फवारा उडाला. केसरबाईंचा अर्धा तास केव्हाच सरला होता, पण त्या हलेनात. तेवढ्यात एक फौजदार घाईघाईनं आत शिरून बसायला लागले.

"ओई आये," बाकावरून उठून आत आलेल्या केसरबाई कापसातून म्हणाल्या. त्यांनी हात आडवा केला. फौजदार ओल्या खुर्चीशेजारी गुमान उभे राहिले.

त्या रात्री केसरबाईंनी सुनेच्या हातची पेज दोनदा मागून खाल्ली.

पुढच्या आठवड्यात त्या आपल्या आळीतल्या गोजरबाई आणि मनकर्णाबाईंना घेऊन हजर. डॉक्टरीणबाईंनी दोघींचे दात तपासले. गोजरबाईंच्या दाढेला कीड होती. मनकर्णाबाईंच्या तोंडात दातच नव्हते.

"मग त्रास काय होतोय, मावशी?"

"काय नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि खुर्चीतून उठून लगबगीनं बाहेर जाऊन, पुढचा माणूस उठायची वाट बघत काचेपाशी उभ्या राहिल्या.