कोपीला घर म्हणणारं मॉडेल

"सर, तुमच्या केजच्या मुली गवताच्या गंज्यांना घर म्हणतायत," चिन्मय स्क्रीनवरून म्हणाला. "एक-दोन नाहीत, फोटोंच्या सगळ्या बॅचमध्ये तेच. असंच चाललं तर तुमचा स्कोअर घसरेल. मग वर काय निर्णय होईल, मी सांगू शकत नाही."

चिन्मय म्हणजे पुण्याच्या कंपनीतला आमचा रिव्ह्यूअर, आम्ही केलेलं काम तपासणारा. मी बीड जिल्ह्यातल्या केजच्या सेंटरचा क्वालिटी लीड. नाव मोठं आहे, पण काम एवढंच की पुण्याला माल जाण्याआधी त्यातल्या चुका पकडायच्या. त्याआधीची सगळी नोकरी मी जमीन मोजणी खात्यात केली. बांधाबांधाने फिरलो, नकाशे काढले, भावाभावांच्या भांडणात मध्ये उभा राहून खुणा रोवल्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून हे काम धरलं.

या प्रकरणाबद्दल नंतर बरंच छापून आलं. त्यात माझा फोटो होता. माझ्याविषयी जे लिहिलं ते खरं नाही, आणि ते खोडून काढायला मी फार उशीर केला आहे.

आधी काम समजावून सांगतो. टीव्हीवर एआयची शर्यत दाखवतात तेव्हा मोठाल्या मशिनी दिसतात, कोणत्या देशाने किती पैसा ओतला ते सांगतात. त्या हिशेबात आपण मागे आहोत, हे कोणीही सांगेल. पण मशीन कितीही मोठी असली तरी तिला आधी शिकवावं लागतं. हे झाड, ही विहीर, हे घर, असं लाखो फोटोंवर चौकट काढून कोणीतरी दाखवावं लागतं. त्याला लेबलिंग म्हणतात. खताच्या दुकानावरच्या आमच्या हॉलमध्ये मुली, बायका आणि चार-दोन पोरं तेच करायची.

आमचं काम ड्रोनच्या फोटोंवर होतं. नदीला अचानक पाणी सोडलं, कुठे आग लागली, तर माणसं नेमकी कुठे राहतात हे सरकारला लगेच कळावं, यासाठी एक मॉडेल हवं होतं. मॉडेल म्हणजे शिकून तयार झालेला प्रोग्राम. एका परदेशी कंपनीचं तयार होतं, जगभर चालत होतं. आमची पुण्याची कंपनी म्हणत होती, आपल्या देशाच्या नकाशावर माणसं शोधायला आपलं मॉडेल पाहिजे. सरकारी समिती दोन्ही मॉडेल एकाच भागावर चालवून बघणार होती आणि जिंकेल ते घेणार होती.

त्या चाचणीसाठी कृष्णाकाठचा उसाचा पट्टा ठरला होता. आम्हाला आलेले फोटोही तिथलेच, त्याच वर्षीच्या ऐन गाळप हंगामातले होते.

चिन्मयचा फोन ठेवून मी हॉलमध्ये आलो. सगळ्यात जास्त गंज्यांना घर केलं होतं ते सविताने. सविता तिशीची, बारावी झालेली, तोंडाने फटकळ. लग्नानंतर दर हंगामाला ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. या कामामुळे त्या वर्षी पहिल्यांदाच ती घरी राहिली होती, आणि तिच्या दोन्ही लेकरांची शाळा पहिल्यांदाच मध्ये तुटली नव्हती. सेंटर बंद पडलं तर ती पुन्हा कोयता धरणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"सविता, हे काय आहे?" मी तिच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"घर हाय, सर."

"ही कडब्याची गंजी आहे."

"गंजी?" ती शेजारच्या सुरेखाकडे वळली. "सुरे, तू तुझ्या गंजीम्होरं झाडून काढती का गं रोज?"

सुरेखा तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"हसू नका," मी म्हणालो. "नीट सांग."

"सर, हे बघा. गंजीभवती सगळा पाला-कचरा आसतो. हितं म्होरची जागा कशी पांढरी दिसती? झाडलेली हाय ती. आन् हा काळा ठिपका म्हंजे चूल. कोप्या हायत ह्या. तोडीवाले ऱ्हातेत."

कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची हंगामापुरती झोपडी. बांबू वाकवायचे, वर चटया नाहीतर ताडपत्री टाकायची, त्यावर उसाचं पाचट. वरून पाहिलं तर हुबेहूब गंजी.

खरं तर मला तिथेच पटायला हवं होतं. पण मोजणी खात्यात मी एक नियम शिकलो होतो आणि आयुष्यभर पाळला होता. पाया असेल ते घर. पाया नसेल ते नकाशावर येत नाही. आज असतं, उद्या नसतं, त्याची नोंद कशी घेणार? पुण्याहून आलेल्या सूचनांतही 'कायमस्वरूपी बांधकाम' असंच लिहिलेलं होतं.

"पाया कुठे आहे याला?" मी विचारलं.

"पाया न्हाई."

"मग घर नाही. बदल ते."

"सर, आमी सा-सा म्हयने त्यात काढलेत. माझी धाकली कोपीतच झाली. मंग ती काय गंजीत झाली म्हणायचं?"

आता कोणी हसलं नाही. मी म्हणालो, "इथे भावना नको. गाइडलाइन आहे, बदला." तिने बदललं. बाकीच्यांनीही बदललं. सुरेखाने बदलायला वेळ लावला म्हणून तिची बॅच मी स्वतः बसून बदलली. घर खोडायचं, गंजी लिहायचं. चिन्मयचा मेसेज आला, 'परफेक्ट सर.' स्कोअर वर गेला.

हा स्कोअर काय असतो ते सांगितलं पाहिजे. आमचं लेबल आणि रिव्ह्यूअरचं लेबल किती जुळतं, एवढंच तो मोजतो. खाली जमिनीवर काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मला तेव्हा माहीत होतं. माहीत असून मी स्कोअरकडे बघत होतो.

पण सविता गप्प बसली नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डाउट' असं एक बटण असतं. ते दाबलं की तो फोटो रिव्ह्यूअरला ओलांडून थेट मॉडेल बनवणाऱ्या टीमकडे जातो. सहसा ते कोणी दाबत नाही, कारण काम अडकतं. सविताने लेबल बदलून 'गंजी' केलं, आणि प्रत्येक फोटोवर 'कोपी' असं लिहून डाउट दाबला. तिचं बघून सगळ्या हॉलने दाबला.

वैद्य मॅडमचा फोन आला. मॉडेलची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. मी केबिनमध्ये गेलो.

"सर, केजहून डाउटचा पूर आलाय. काय चाललंय?"

"काही नाही मॅडम. मुली नवीन आहेत, गोंधळतात. दुर्लक्ष करा."

"त्या कोप्या म्हणतायत. असू शकतात ना? तो पट्टा तोडकऱ्यांचाच आहे. आपण खात्री करू. तुम्ही मोजणीतले. तुमच्याकडून कोणी जागेवर जाऊन पाहिलंय का?"

आणि मी म्हणालो, "हो मॅडम, मी स्वतः जाऊन आलो. गंज्याच आहेत."

मी केजच्या बाहेर गेलो नव्हतो. नोकरीत जागेवर पाय न ठेवता मी एकही रेघ ओढली नव्हती, त्याचा मला गर्व होता. आणि ते वाक्य मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. सेंटर वाचवायला बोललो असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तेही कारण होतं. पण खरं कारण असं की एकदा 'गंजी' म्हटल्यावर सगळ्या हॉलसमोर मला 'घर' म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर सविताने मोठ्या स्क्रीनला आपला मोबाईल जोडला होता. हॉल भोवती जमला होता.

"काय चाललंय?"

"सर, ह्या फोटोतली टोळी आमच्याच गावची हाय. मुकादमाला इचारलं मी. कोन कुटं उतरलंय ते आमाला समदं म्हाईत आसतं. तिसरी कोपी माझ्या जावंची. लावू का फोन?"

मी हो म्हणण्याआधीच तिने लावला. स्क्रीनवर एक बाई आली. डोक्याला फडकं बांधलेलं, मागे उसाचं रान.

"काय गं सवे, कामाच्या वक्ताला कावून फोन?"

"जाऊबाई, तुमची कोपी दावा की समद्यांना."

"कोपी? कोपीत काय बघायचंय? बंगला हाय व्हय माझा?"

"हितं आमचे सर हायत, ते म्हणतेत तुमी गंजीत ऱ्हाता."

"आसं म्हणतेत? सर, या की मंग च्याला, गंजीत."

सगळा हॉल हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार. तिने मोबाईल फिरवला. कोपी दिसली. पुढे झाडलेली, शेणाने सारवलेली जागा. बाजूला चूल. दारात एक पोर ताटलीत भाकर घेऊन बसलेलं आणि कोंबडी त्याच्या ताटलीवर टपलेली. ओळीने तशाच कोप्या. ड्रोनच्या फोटोत दिसत होतं तसंच सगळं, फक्त माणसांसकट.

इतरांनीही फोन काढले. कोणाचा भाऊ, कोणाची मावशी, कोणाचे सासूसासरे. आपल्या जिल्ह्यातली निम्मी माणसं त्या फोटोंत होती, आणि त्यांची लेबलं करायला त्यांच्याच घरची माणसं केजला बसली होती. परदेशी कंपनीला कितीही पैसा ओतून ही सोय झाली नसती.

व्हिडिओ मी मॅडमना पाठवले. वर लिहिलं, 'नव्याने खात्री केली, कोप्या आहेत.' त्यांचा लगेच फोन आला. "ग्रेट वर्क सर. तुम्ही मागे लागलात म्हणून कळलं." मी थँक यू म्हणालो.

मग कामाला वेग आला. सूचना बदलल्या, 'हंगामी वस्ती' असा नवा प्रकार तयार झाला. खोडलेली सगळी लेबलं पुन्हा लावायची होती आणि चाचणी जवळ आली होती. पुण्याने विचारलं, दुसऱ्या सेंटरची माणसं देऊ का? सविता म्हणाली, "नगं. त्येंला शिकवण्यात टाइम जाईल." मुलींनी रविवारीही काम केलं आणि वेळेत पुरं केलं. चिन्मय एवढंच म्हणाला, "सर, आता त्या माझ्या चुका काढतायत." त्याच्या आवाजात राग नव्हता.

चाचणीला मला आणि सविताला बोलावलं होतं. त्या पट्ट्याजवळच्या एका सभागृहात दोन मोठे पडदे होते. एकीकडे परदेशी मॉडेल, दुसरीकडे आपलं. दोघांनाही सारखेच, आधी न दाखवलेले फोटो. त्यांच्या मॉडेलने गावं बिनचूक दाखवली, रस्तेही आमच्यापेक्षा स्वच्छ. पण उसाच्या रानात सगळं हिरवं, म्हणजे तिथे माणूस नाही. आपल्या पडद्यावर त्याच रानात नारिंगी ठिपके उमटत गेले. ओढ्याच्या कडेला, नदीच्या काठाला, ठिपक्यांची ओळच्या ओळ. सविता माझ्या शेजारी हळूच बोलत होती. "ही आमच्या गावची टोळी. ही पल्याडच्या गावची."

समितीची माणसं खात्री करायला जीपने निघाली. आम्हीही गेलो. जिथे ठिपका तिथे कोपी, कोपीत माणसं. एका ठिकाणी मात्र कोपी नव्हती, म्हसोबाचं ठाणं होतं. रोज कोणीतरी झाडत असणार, म्हणून मॉडेलने घर दाखवलं.

समितीतले साहेब म्हणाले, "इथे तुमचं मॉडेल चुकलं."

"आसं कसं साहेब," सविता म्हणाली. "म्हसोबा ऱ्हातोच की हितं."

साहेब मोठ्याने हसले. त्यांनी ती चूक लिहूनही घेतली. तरी निकाल आमच्या बाजूने लागला. परदेशी कंपनीच्या माणसाने येऊन हात मिळवला आणि विचारलं, "तुमची डेटा टीम कोणत्या संस्थेची?" मी म्हणालो, "केजची." तेवढं उत्तर मी खरं दिलं. त्या वेळी ऊर भरून आला होता, आणि आजही ते आठवलं की येतो. आमच्या जिल्ह्याचं नाव चांगल्या कारणाने क्वचितच बाहेर जातं.

त्यानंतर बीडला सत्कार झाला. बोलणाऱ्याने सांगितलं की एका निवृत्त मोजणीदाराने आयुष्यभराच्या अनुभवाने कोप्या ओळखल्या, तो पुण्याशी झगडला आणि त्याने परदेशी मॉडेलला हरवलं. पेपरातही तेच आलं. शाल माझ्या खांद्यावर पडली तेव्हा सविता, सुरेखा आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी उठून बोलायला हवं होतं. मी नमस्कार करून खाली बसलो.

पुढचा हंगाम लागला. टोळ्या निघाल्या, सविता केजलाच राहिली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं. मॅडमना मी काय बोललो होतो ते, जसंच्या तसं.

तिने डबा उघडता उघडता ऐकलं.

"म्हाईत हाय, सर."

"कसं?"

"तुमची केबिन प्लायची हाय. समद्या हॉलला आयकू आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सर खोटं बोलतेत म्हणून मॅडमला सांगितलं आसतं, तर मॅडम म्हणल्या आसत्या, ह्या सेंटरचं कायच खरं न्हाई. समदं काम गेलं आसतं. मंग मी या वक्ताला कुटं आसते? म्हणून जाऊबाईला फोन लावला. तुमचंबी झाकलं, आमचंबी भागलं." मग म्हणाली, "फकस्त सत्काराला वाटलं हुतं, तुमी बोलताल."

मी त्याच दिवशी वैद्य मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "क्वालिटी लीड बदलायला लागेल, सर." मी म्हणालो, माझं तेच म्हणणं आहे. आता ते काम सविता बघते. मी तिच्या हाताखाली अर्धा दिवस लेबलिंग करतो. माझा स्कोअर बरा आहे. चुकतो तिथे ती सगळ्यांसमोर सांगते.

देशाचं मॉडेल जिंकलं याचा मला अभिमान आहे, आणि तो खरा आहे. पण ते माझ्यामुळे जिंकलं नाही. माझं ऐकलं असतं तर हरलं असतं. कोणताही स्कोअर चांगला आला की तो नेमकं काय मोजतो, हे आधी विचारावं. मी मोजणीत आयुष्य घालवून ते विचारलं नव्हतं.